विष्णुपंतांचा नाका

विष्णुपंत दुपारी जेवून माझ्या दुकानात यायचे, मेल आली नाही हे बघायचे आणि तिथंच खुर्चीत झोपून जायचे. सांगलीत विश्रामबागेत माझं एसटीडी बूथ होतं. नव्याण्णव साली त्यात कॉम्प्युटर ठेवून मी बाहेर ‘येथे ई-मेल करून मिळेल’ अशी पाटी लावली. उन्हाळ्याच्या दुपारी चिटपाखरू फिरकायचं नाही. वर पंखा, दाराला निळा पडदा, त्यातून येणारा निळसर उजेड आणि मोडेमची ती लांबलचक शिट्टी. अशात शहाणासुरता माणूसही पेंगतो, विष्णुपंत काका तर निवृत्त.

त्यांची सगळी नोकरी कुपवाडच्या रस्त्यावर, जकात नाक्यावर गेली होती. येणाऱ्याला अडवणं हा पुढं स्वभावच झाला. नाक्याचा बार कसा उचलतात, हेसुद्धा त्यांनी मला शिकवलं होतं. बारला हात लावायचा नाही, आपल्या बाजूचं वजन खाली दाबायचं, की तो वर जातो. मला याचा काय उपयोग होता देव जाणे, पण मी ऐकून घेत असे.

त्यांची मुलगी स्वानंदी मेलबर्नला नोकरी करायची. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे बाप-लेक एकमेकांवरच जगायची आणि एकमेकांवरच ओरडायची. होळीच्या सुमारास तिनं फोनवर सांगितलं की लग्न ठरवलंय, मुलगा आपल्या जातीतला नाही. दोन्हीकडून आवाज चढले. जे असेल ते नीट लिहून कळव, वाचून उत्तर देईन, असं म्हणून काकांनी फोन आपटला. संध्याकाळपर्यंत राग उतरला, आणि हो म्हणायचं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं. पण लिहायची पाळी तिची होती. ती लिहीपर्यंत आपण लिहायचं नाही. असली हट्टी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

तिची मेल येईना, बाकीच्यांची मात्र ढिगानं येत होती. पूर्वी साखळीची पोस्टकार्डं यायची, देवाचा महिमा वाचा, एकवीस जणांना पाठवा, न पाठवल्यास अनिष्ट घडेल. तोच उद्योग आता काकांच्या पुण्या-दुबईच्या भाच्यांनी कॉम्प्युटरवर धरला होता. काका वैतागले. नियम लावता येतात असं मी एकदा बोलून गेले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत नाक्यावरचं तेज आलं. ‘फ्री’ शब्द दिसला की बाजूला, ‘लॉटरी’ दिसला की बाजूला. आणि ती सगळी साखळीपत्रं ‘श्री’नंच सुरू व्हायची, म्हणून माथ्यावर श्री दिसलं की तेही बाजूला. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. अडवलेलं सगळं एका वेगळ्या कप्प्यात जायचं. तो कप्पा कधीही उघडायचा नाही अशी मला सक्त ताकीद होती, कारण एकदा वाचलं की माणूस बांधला जातो, मग पाठवावंच लागतं.

खुर्चीत झोपले की त्यांना एकच स्वप्न पडे. जाग आल्यावर ते मला सांगत, सांगताना अजून अर्धे तिथंच असत. नाक्यावर धुकं पडलंय, बार खाली आहे, काका कंदील घेऊन उभे. पलीकडं कुणीतरी लहानसं, हातात जेवणाचा डबा. स्वानंदी शाळकरी असताना दुपारी त्यांचा डबा घेऊन सायकलवर यायची आणि थेट बारखालून वाकून आत शिरायची. स्वप्नात मात्र ती वाकत नसे, नुसती थांबून राही. काका कंदील पुढं करत, पण चेहरा दिसत नसे. हे ऐकलं की मला भर दुपारी उगाचच थंडी वाजायची.

मग एका बुधवारी स्वानंदीची एक ओळ आली. ‘ठीक आहे बाबा. तुमचं उत्तर कळलं. शुक्रवारी आम्ही नोंदणी करतोय.’ वर मायना नाही, खाली नमस्कार नाही.

काकांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. मी उत्तर दिलंच कुठं, असं ते मला विचारत राहिले. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा निळा दिसत होता. पोरगी बापाशिवाय बोहल्यावर चढणार, तेही बाप नाही म्हणाला असं समजून. फोन लावते म्हटलं, तर तिनं काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय बोलणार नाही हाच हट्ट. मला वाटलं, पत्रं नक्कीच वाटेत अडकलीत. तो कप्पा उघडू या म्हटलं, तर काका दोन्ही हात पुढं करून आडवे आले. लग्न तोंडावर असताना कुणाचे शाप वाचायचे नाहीत. माझं डोकं फिरलं, पण गिऱ्हाइकाच्या मर्जीबाहेर त्याची मेल उघडता येत नाही.

मग एकेक नियम तपासणं आलं. ‘मी रविवारी फ्री आहे’ असं पोरगी लिहू शकते, म्हणून आधी तो नियम काढला. मग लॉटरीचा. साखळीवाल्यांचा तेवढा काकांनी काढू दिला नाही. माझ्या पत्त्यावरून त्यांना ‘टेस्ट’ असं पाठवलं, आलं. ‘बाबा, कसे आहात’ पाठवलं, तेही आलं. जे पाठवावं ते सुखरूप पोचत होतं. शेवटी काका म्हणाले, सरक, मी लिहून बघतो.

एका बोटानं त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत मधोमध काहीतरी, मग उजवीकडं ‘सांगली’, मग स्वतःलाच साष्टांग नमस्कार. मी हसू दाबलं. पत्र गेलं, मोडेमनं शिट्टी घातली, आणि आलं काहीच नाही. पुन्हा पाठवलं. पुन्हा काही नाही. मग मी ती पहिली ओळ नीट बघितली.

“काका, हे वर काय लिहिलंत?”

“श्री.”

“का?”

“का म्हणजे? पत्र आहे.”

दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी हा माणूस वर श्री लिहायचा. श्वास मोजत नाही तसं त्यांनी ते कधी मोजलंच नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. स्वानंदीला अक्षर कुणी शिकवलं, हे आता दोघांच्याही लक्षात आलं. काका खुर्चीत बसले.

“उघड,” ते म्हणाले.

साखळीपत्रांच्या गर्दीत तिची पत्रं होती. प्रत्येकाच्या माथ्यावर, मधोमध, श्री. पहिलं लांबलचक होतं. मुलाचं नाव वीरधवल, कुंडलचा, घरचा ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. ‘त्यांच्या उसाच्या गाड्या तुमच्याच नाक्यावरून जायच्या, बाबा.’ पुढची पत्रं आखूड होत गेली. शेवटच्यात एवढंच होतं, ‘हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण काहीतरी म्हणा.’ त्यानंतर तिनं श्री लिहिणं सोडलं होतं. रागावून लिहिलेली ती एकच ओळ आमच्या नाक्यानं सोडली होती. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

काका रडले नाहीत. त्यांनी मला राहिलेले सगळे नियम काढायला लावले. साखळीवालेही येऊ देत म्हणाले. मग एका बोटानं लिहिलं:

‘श्री. चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद. तुझी सगळी पत्रं आज वाचली. मीच अडवून ठेवली होती. माझं उत्तर हो आहे, पहिल्या दिवसापासून. वीरधवलला घेऊन ये. बारखालून वाकून यायचं नाही आता. मी उचलतो.’

पत्र गेल्यावर त्यांना आपोआप डोळा लागला. दुपार कलत होती, मेलबर्नला रात्र पडली असेल. रस्त्यावर आवाज नव्हता, पडदा जरासा आत यायचा, जरासा बाहेर जायचा. मी पुन्हा कनेक्शन जोडलं. आधी एक साखळीपत्र आलं, आणि त्याच्या पाठोपाठ तिचं. मी उघडलं नाही, पण पहिली ओळ बाहेरूनच दिसत होती. श्री.

उठवायला वळले, तर काकांचा हात झोपेतच खुर्चीच्या दांडीवरून घसरला आणि मूठ वळून हळूहळू खाली दाबली गेली, जड काहीतरी दाबावं तशी. मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ ठेवला आणि जागे होईपर्यंत थांबले.