कुंपणापाशी उभी राहिलेली शिडी

मी एक जुनी लोखंडी शिडी आहे. घडीची, चार पायऱ्यांची. मित्रांनो, उभं राहून राहून आता मी दमले आहे, म्हणून आज भिंतीला टेकून बोलते. बसायला मला कुणी शिकवलंच नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. त्याने मला ठिणग्यांत न्हाऊ घातलं, निळा रंग दिला, पायांत रबराचे बूट चढवले आणि दुकानाबाहेर साखळीने बांधून ठेवलं. वाटलं होतं, एखाद्या रंगाऱ्याकडे जाईन, चार घरं उजळताना पाहीन. पण नशिबात फोटोवाला होता.

फोटोवाला म्हणजे आमच्या घरचे आजोबा. तरुणपणी ते सैन्याच्या मालवाहू विमानांवर मेकॅनिक होते. नोकरी सुटली, पण विमानं काही सुटली नाहीत. निवृत्त झालेली, एखाददुसरीच उरलेली सैन्याची विमानं ज्या संग्रहालयात असतील तिथे जायचं, आणि जिथे ती उडवून दाखवत असतील तिथे सगळ्यांच्या आधी धावपट्टीचं कुंपण गाठायचं. कुंपण उंच आणि आजोबा बुटके. म्हणून फोटो त्यांचा, खांदा माझा.

संग्रहालयात माझा मान बेताचाच. रखवालदार दारातूनच ओरडायचा, "शिडी बाहेर!" मग मी बाहेर सायकलींशेजारी उन्हात तापत राहायची. पण कुंपणापाशी माझा थाट वेगळा. तिथे फोटोवाल्यांचा एक नियम आहे. ज्याची शिडी आधी, त्याची जागा. शिडीला रुमाल बांधून माणूस चहाला गेला तरी तिला कुणी हात लावत नाही. एकदा एक नवखा आयत्या बिळावर नागोबा होऊन माझ्यावर चढला, तर सगळ्यांनी मिळून त्याला असं झापलं की पुढच्या वेळी तो स्वतःची शिडी घेऊन आला.

फोटो निघाला की कौतुक मात्र कॅमेऱ्याचं. घरी आल्यावर त्याची काच मऊ कापडाने पुसली जाई, मखमलीच्या पेटीत ठेवली जाई. मी बाल्कनीत, पावसात. गरज सरो वैद्य मरो. माझा निळा रंग पोपडे होऊन गेला, बूट झिजले, आणि डाव्या पायाच्या सांध्यातला नट ढिला झाला.

ते आजोबांना दिसलं नाही. आजींना दिसलं.

"अहो, काचेला तान्ह्या बाळासारखं पुसता, आणि जिच्यावर उभे राहता तिला गंज चढलाय. तो नट तरी आवळा."

"उद्या आवळतो गं."

"तुमच्या त्या उद्याला आता नातवंडं झाली असतील!"

आणि मग थोरलीची बातमी आली. आजोबा ज्या जातीच्या विमानावर काम करायचे, त्याला सगळे थोरली म्हणत. पोट मोठं, आवाज मोठा, स्वभाव गरीब. त्या जातीचं उडणारं एकच विमान उरलं होतं आणि आता तेही शेवटचं उड्डाण करून संग्रहालयात जाणार होतं.

आजी म्हणाल्या, "या खेपेला मी येणार."

आजोबा बघतच राहिले. "तू? विमान बघायला?"

"मग? इतकी वर्षं तिचा आवाज आला की मला कळायचं, तुम्ही परत आलात. लगेच स्वयंपाकाला लागायची. घराबाहेर येऊन वर बघायला वेळ होता कुणाला? एकदा तरी बघू दे की माझ्या सवतीला उडताना."

त्या दिवशी कुंपणापाशी खूप गर्दी होती. शेजारचा उंच फोटोवाला, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तो हसून म्हणाला, "काकू, शिडी काकांची, की काका शिडीचे?"

"दोघंही डुगडुगतात. तूच ठरव."

ठरलं असं की आधी आजोबा फोटो काढतील आणि लगेच उतरून आजींना चढवतील. थोरली दोनदा जवळून जाणार होती.

मित्रांनो, पंख्याच्या विमानाचा फोटो घाईने निघत नाही. कॅमेऱ्याची उघडझाप फार वेगाने केली तर फिरता पंखा थिजलेला दिसतो आणि विमान दोरीला टांगल्यासारखं वाटतं. म्हणून कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवायचा आणि विमानासोबत कंबरेतून सावकाश वळायचं. थोरली आली. आजोबा वळले. माझा डावा पाय सरकला.

आजींनी पिशवी टाकली आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. कपाळ माझ्या पायरीला टेकवून म्हणाल्या, "हलू नका. धरलंय मी."

डोक्यावरून आवाज गेला. आजोबांना पहिल्या फेरीत हवं तसं जमलं नाही, म्हणून ते उतरलेच नाहीत. दुसऱ्या फेरीलाही आजी तशाच उभ्या.

"मिळाला! पाहिलास ना पंखा?"

"मी तुमच्या बुटांचे तळ पाहिले. डावा फाटलाय."

आजोबा घाईघाईने उतरले. "चढ, चढ लवकर!" आजी गुडघ्यावर हात ठेवत एकेक पायरी चढल्या. आजोबांनी मला धरलं होतं, पहिल्यांदाच. पण तोवर थोरली विमानांच्या शेडपलीकडे उतरली होती.

"काय दिसतंय गं?"

"आभाळ," आजी म्हणाल्या. "चांगलं आहे."

त्या बराच वेळ वर उभ्या राहिल्या. आजोबांनी मला तसंच धरून ठेवलं.

मित्रांनो, वर बघायची हौस असेल तर खुशाल बघा. पण चढण्याआधी, खाली कोण उभं आहे तेही बघा. आणि नट आवळायचा असेल तर आज आवळा.

माझा नट आजोबांनी त्याच संध्याकाळी आवळला. तेलही घातलं. आता मी तसूभर हलत नाही. आणि संग्रहालयात थोरलीही.