न दिलेला हात

आमच्या ख्रिस्ती देवळात उपासनेआधी एक रिवाज आहे. मंडळीने नेमलेल्या पंचांपैकी ज्याची पाळी असेल, त्याने व्यासपीठाच्या पायरीशी पाळकांचा हात हातात घ्यायचा. मंडळी आपली उपासना तुमच्या स्वाधीन करते आहे, असा त्याचा अर्थ. हात मिळाल्याशिवाय पाळक पायरी चढत नाहीत. त्या रविवारी पाळी माझी होती, म्हणजे वेलमिन्स बानाची, आणि माझं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं.

पहिल्या बाकावर सेमी बसला होता. हा माणूस आमच्या तिमोर बेटावरच्या खेड्यापाड्यांतून पोरी गोळा करतो आणि मलेशियात घरकामाला पोचवतो. देवळावरचे नवे पत्रे त्याने दिलेले, म्हणून त्याला पहिला बाक. शेजारी गावातलीच पोर ओरान्स, नवेकोरे बूट घालून. पाळकसाहेब तिच्यासाठी प्रवासाची प्रार्थना करणार होते आणि उपासना संपली की सेमीची गाडी तिला थेट बंदरावर नेणार होती.

गेल्या वर्षी गावातल्याच मेर्सीसाठीही अशीच प्रार्थना झाली होती. मेर्सी परत आली ती शवपेटीतून. तिला शेवटचे कपडे मी घातले, अंगावरचे चटके मी पाहिले. पाळकसाहेब थडग्याशी म्हणाले, देवाने दिली, देवाने नेली. देवाने? उगाच देवावर कशाला ढकलता? सेमीने नेली, आणि आम्ही सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हणून पाठवली!

पाळकसाहेबांनी हात पुढे केला. मी माझे हात पोटाशी घट्ट धरले.

"मावशी, हात," ते कुजबुजले.

"नाही देत."

"अहो, लोक बघताहेत. उपासनेनंतर बोलू."

"नंतर पोर जहाजात असेल. आत्ता बोला. वय काय हिचं?"

"एकवीस आहे हो," सेमी बाकावरूनच हसत म्हणाला. "मावशी, बसा की. माझ्या पत्र्याखाली सावलीत बसता, तेव्हा नाही येत राग?"

"काढून ने तुझे पत्रे! भिजत गाऊ आम्ही." मी पाळकांकडे वळले. "तुम्ही सांगा. हिचा बाप्तिस्मा तुम्हीच केलात ना? याच पायरीशी?"

 मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी दुसऱ्या पंचापुढे हात धरला. दुसरा पंच लुकास, म्हणजे ओरान्सचा बाप. सेमी सकाळीच त्याच्या घरी पानसुपारी घेऊन गेला होता, आणि आमच्यात पाहुण्याचं पान खाल्लं की शब्द दिल्यासारखाच. ते ठाऊक असल्यामुळेच तो मेला पानाशिवाय कुठल्या उंबऱ्यावर पाय ठेवत नाही. लुकासचं तोंड अजून लाल होतं.

"लुकास, तू दे हात," पाळकसाहेब म्हणाले.

लुकास उठला आणि लेकीकडे बघत राहिला. ओरान्स खाली मान घालून बसली होती.

"बाबा," ती म्हणाली, "मेर्सीताईलापण यांनी असेच बूट दिले होते."

लुकास खिडकीशी गेला. तोंडातलं सगळं बाहेर थुंकला आणि मनगटाने ओठ पुसले.

"सेमीभाऊ, पान मी खाल्लं, चूक माझी. पोरगी मिळायची नाही."

"वा! शब्द देऊन फिरतोस?" सेमी ताडकन उभा राहिला. "पाळकसाहेब, सांगा याला! तुम्ही गप्प का?"

पाळकसाहेबांचा हात अजून तसाच पुढे होता. त्यांनी तो हळूच मागे घेतला.

"पंधरा," ते म्हणाले. "पंधरा वर्षांची आहे ती. मीच पाणी घातलं होतं तिच्या डोक्यावर. सेमी, तू जा."

सेमी शिव्या देत बाहेर पडला. गाडीचा आवाज दूर गेला. ओरान्सने बूट काढले, बाकाखाली सारले आणि ती बापाजवळ जाऊन बसली.

मग मी हात पुढे केला. पाळकसाहेब त्या हाताकडे नुसते बघत राहिले; तो हातात घेण्याचा धीर त्यांना होईना.