विझवलेली चूल आणि रंगवलेला जाळ

मी एक जुना पाळणा आहे, आणि मित्रांनो, मला चित्रांची शिसारी येते. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बघायला येणारे लोक आधी भिंतीवरच्या चित्राकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि कौतुकानं म्हणतात, "हाच की तो." हो, तोच मी.

माझा जन्म नॉर्वेतल्या सेतेसदालच्या दरीतला. माझ्या घरधन्याच्या, तार्यैच्या, आजोबांनी मला पाइनच्या फळ्यांतून घडवलं, झुलायला खाली दोन वाकडे पाय लावले आणि उशाशी सुरीनं क्रूस कोरला. अकरा पोरं माझ्यात निजली, त्यांतली सात मोठी झाली. मुतानं माझा तळ काळा पडला, पण त्याची मला कधी किळस वाटली नाही. किळस पुढे वाटली, ती एका स्वच्छ हातांच्या माणसाची.

बारावं मूल तार्यै आणि बिर्गितचं. त्याचं नाव अजून ठेवलं नव्हतं. चर्च तळ्यापलीकडे, तळ्यावरचं बर्फ कच्चं, त्यामुळे बाप्तिस्मा लांबला होता. आमच्या दरीत असं मूल घरात असेल तर रात्रंदिवस चूल विझू देत नाहीत. विझली, की डोंगरातली अदृश्य माणसं मूल उचलतात आणि आपलं रोगट पोर ठेवून जातात, असं सगळे मानत. ती माणसं आहेत की नाहीत, हे मला लाकडाला काय ठाऊक? थंडी मात्र नक्की होती.

अशात राजधानीहून फ्रिले नावाचा चित्रकार आला. त्याला प्रदर्शनासाठी सुखी शेतकरी कुटुंब रंगवायचं होतं. शेजारणींनी बाळंतिणीसाठी आणलेली साईची पेज त्यानं बोटं चाटत संपवली आणि तिसऱ्या दिवशी फर्मान काढलं.

"धुरानं रंग मळकट दिसतात. चूल विझवा. तासाभराचा तर प्रश्न आहे."

तार्यैची आई गीरो म्हणाली, "पोराचं नाव ठेवेपर्यंत चूल विझवत नसतात, साहेब."

"आजीबाई, तुमची भुतं माझ्यावर सोपवा."

"आई, पाहुणा आहे तो," तार्यै म्हणाला. "आणि हे चित्र राजासुद्धा बघेल म्हणतात." त्यानं स्वतःच्या हातानं निखाऱ्यांवर पाणी ओतलं. पाहुण्याचा शब्द मोडायचा नाही, ही आमच्या घराची जुनी खोड. उजेड यावा म्हणून छपरातलं धुराचं भोकही सताड उघडलं.

तासाभराचा दिवस झाला. संध्याकाळी चूल पेटली, सकाळी पुन्हा विझवली गेली. तोवर पोर फणफणलं होतं. त्याच्या अंगाची आग मला खालच्या पेंढ्यातून जाणवत होती. रडायचं तेही मांजराच्या पिलासारखं, बारीक आवाजात. गीरो माझ्यात वाकली आणि पटकन मागे सरली.

"बिर्गित, हे आपलं पोर नाही गं. बदललंय त्यांनी. पाजू नकोस त्याला. उकिरड्यावर नेऊन ठेव, म्हणजे त्याची माणसं त्याला नेतील आणि आपलं परत देतील."

पोर तेच होतं. मी ओझं ओळखतो. पण पाळण्याला वाचा कुठली?

चित्रकारबुवांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. ते पोराच्या तोंडाकडे बघून खूश झाले होते. "वा, काय रंग चढलाय गालांवर. बिर्गित, हात मांडीवर. हलू नकोस आता."

मित्रांनो, मी मुतात भिजलो, ओकाऱ्यांत भिजलो, पण त्या 'वा' इतकं घाण काही माझ्या वाट्याला आलं नाही.

बिर्गित बसून होती. दुधानं तिची चोळी ओली झाली होती. तिनं सासूकडे पाहिलं, चित्रकाराकडे पाहिलं आणि ती उभी राहिली.

"बस म्हटलं ना. उजेड जातोय."

"जाऊ दे."

गीरोनं तिचा हात धरला. "अगं, ते त्यांचं आहे."

"असू दे त्यांचं. भुकेलं तर आहे ना?"

तिनं पोराला उचललं, मेंढीच्या कातड्यात छातीशी घेतलं आणि सर्वांसमोर पाजलं. तार्यै खाली मान घालून शेजारून निखारे घेऊन आला. धूर झाला तसा फ्रिले खोकत उठला, रंगांची पेटी आपटून बंद केली आणि निघून गेला.

अकरा दिवसांनी ताप उतरला. तळं गोठल्यावर बाप्तिस्मा झाला, पोराचं नाव सालवे ठेवलं. उन्हाळ्यात सालवे माझ्यात मावेनासा झाला, तेव्हा फ्रिले पुन्हा आला. चित्र पुरं करायला त्याला मी हवा होतो. पाहुणा रुसून गेल्याची लाज वाटत होती म्हणून तार्यैनं मला फुकट देऊन टाकलं. चांगुलपणानं माणूस किती गाढव होतो ते बघा.

शहरात फ्रिलेनं माझ्यात तेलकट चिंध्या भरल्या. माझ्यासमोर त्यानं चित्र पुरं केलं. चित्र गार वाटतंय म्हणून त्यानं चुलीत भडक जाळ रंगवला. ज्यानं चूल विझवायला लावली, त्यानंच. गीरो पाळण्यावर मायेनं वाकलेली दाखवली. तापाचे गाल मात्र होते तसेच ठेवले.

आता चित्र संग्रहालयाच्या भिंतीवर आहे आणि मी त्याच्याखाली. बायका म्हणतात, "काय ऊब आहे हो या घरात. पोरगं कसं सफरचंदासारखं."

मित्रांनो, आया-बाळांची चित्रं जरूर बघा, जरूर काढाही. पण समोरचं मूल रडायला लागलं, तर कुंचला खाली ठेवा. त्या भिंतीवर बिर्गित हात मांडीवर ठेवून शांत बसली आहे, आणि लोक तिला आदर्श आई म्हणतात. ती उठली, म्हणून पोर वाचलं.