उतारावर कोणाकोणाची गाडी घसरली

जपानच्या डोंगरातल्या आमच्या छोट्याशा रेल्वेत चूक कबूल करणाऱ्या ड्रायव्हरला गणवेशातच प्लॅटफॉर्मवरचं गवत उपटायला बसवतात. लोक हसत नाहीत. शाळेच्या पोरी कमरेत वाकून "फार कष्ट घेता हो" म्हणतात, आणि तेच जास्त लागतं. म्हणून आम्ही सगळे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत नोकरी करतो.

पानगळीत कित्सुदा या नव्या ड्रायव्हरची गाडी शेवटच्या स्टेशनात थांबलीच नाही. तिथल्या उतारावर रुळांवर ओल्या पानांचा चिखल बसतो. ब्रेक लागतात, पण चाकं साबणावरून जावीत तशी सरकतात. गाडी टोकाच्या अडथळ्यावर आदळली. एका आजीचं खुब्याचं हाड मोडलं, कित्सुदाचा हात. तो वसंतातच सपाट मुलखातून बदलून आला होता आणि त्याला मार्ग शिकवला होता मी.

चौकशीला सरकारकडून शिनोझाकी बाई आल्या. आमचे डेपोप्रमुख मुकाइयामा यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "त्या उतारावर गाडी घसरल्याची आजवर एकही नोंद नाही."

"एकही नाही? डोंगरात, पानगळीत?" बाई म्हणाल्या. "साहेब, मला तर हे ऐकून भीती वाटते."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना चहाच्या खोलीत बसवलं. हात गळ्यात बांधलेला कित्सुदा समोरच होता.

"यांच्या एकट्याचीच घसरली असेल तर चूक यांची, आणि नोकरी जाईल. आणखी कुणाची घसरली असेल, तर तिथं वेग कमी करायला लावता येईल. बोला."

आम्ही कपात बघत बसलो. माझी गाडी गेल्या पानगळीत घसरली होती, त्याच्या आदल्या वर्षीही. तरी मी मूग गिळून बसलो. स्वतःचाच संताप येत होता.

शेजारी बसलेल्या उएताके ड्रायव्हरनं मला कोपरानं ढोसलं. "बोल की, थोरला आहेस."

"तूच बोल. तुला गवताची सवय आहे."

तेवढ्यात मुकाइयामा उठले. आता झापणार, असं वाटलं. त्यांनी टोपी काढली. त्यांचे कान लाल झाले होते.

"मी ड्रायव्हर असताना माझी घसरली होती. दोनदा."

मग एकेक हात वर झाला. माझा सगळ्यात शेवटी.

कित्सुदाची नोकरी वाचली. उएताकेनं त्याच्या पाठीवर थाप मारली, पण तो हसला नाही. माझ्याकडे बघत होता.

"ओगिवारासान, वसंतात किती दिवस तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात! नूडल्स कुठं चांगल्या मिळतात तेसुद्धा सांगितलंत. हे का नाही सांगितलंत?"

"लाज वाटत होती," मी म्हणालो.

"मग हे त्या आजींना जाऊन सांगा."