कर्त्याचं तोंड

"आजच्या दिवस तरी पेट्यांना हात लावू नका म्हणून मी घसा फोडून सांगत होते की नाही?"

शेजारीण गोठ्यातून तशीच, शेणाचे हात घेऊन बाहेर आली होती आणि नवऱ्यावर कडाडत होती. मी बांधावरून धावत गेले. पाहते तर मधवाले भावजी ओट्यावर बसलेले, डावा डोळा गायब, ओठ दोन्ही सुजून पुढे आलेले, गाल कानाकडे निघालेला. ते तोंड ओळखायला मलासुद्धा जरा वेळ लागला.

"थवा चालला होता," भावजी म्हणाले. म्हणजे तसं म्हणाले असावेत. ओठांतून नुसती वाफ आली.

सकाळपासून कोरडं वारं सुटलं होतं. अशा वाऱ्यात माश्या आधीच चिडलेल्या असतात, हे त्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. पण पेटीतून माश्यांचा थवा उठून झाडावर बसला आणि यांचं भान सुटलं. तोंडाला जाळी नाही, हातात धूर नाही, तसेच झाडावर चढले.

"बाबा, आज शेवटचा दिवस आहे हो," पोरगी एवढंच बोलली. त्या पोरीचा चेहरा मला बघवेना.

गोष्ट अशी, की पोरीला जनावरांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली होती. गावातली पहिलीच. पण कॉलेजची मदत मंजूर झाल्याशिवाय तिथली फी भरणं त्या घराला सात जन्मांत जमलं नसतं. मागच्या सालापर्यंत अर्जावर बापाची सही लागायची, आणि खरं सांगायचं तर बहुतेक पोरं ती स्वतःच ठोकून द्यायची. म्हणूनच यंदा नियम बदलला. पालकानं स्वतः यायचं, मशीनसमोर बसायचं आणि ओळखपत्रातल्या फोटोशी तोंड जुळवायचं. पोरीनं महिनाभर मोबाइल समोर धरून बापाची तालीम घेतली होती. मशीन आठवडाभर बंद पडलेलं, म्हणून सगळ्यांचीच पाळी आजच्या शेवटच्या दिवसावर आली.

"बसा टेम्पोत," मी म्हटलं. टेम्पो मीच चालवते. त्यावर गाव बोलून बोलून थकलं आता.

रस्त्यावर धूळ इतकी, की पुढचं झाड दिसेना. पोरगी मागे बसून बापाच्या गालावर ओला फडका दाबत होती. शेजारीण माझ्या बाजूला, हात मांडीवर आवळून. "सूज उतरेल ना गं तोवर?" तिनं विचारलं. मी गाडी चालवण्यात गुंग असल्याचं सोंग घेतलं.

कॉलेजच्या खिडकीवर ही रांग! आत चष्मेवाली मुलगी, तिच्यापुढे मशीन, बाहेर स्टूल. आमची पाळी येईस्तोवर खिडकी बंद व्हायची वेळ होत आली. भावजी बसले. मशीन म्हणालं, चेहरा जुळत नाही. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. चष्मेवालीनं फोटो पाहिला, भावजींना पाहिलं.

"हे ते काका नाहीत."

"तेच आहेत," मी म्हटलं, "आज जरा जास्त आहेत."

रांग हसली. पोरगी हसली नाही.

"उद्या आणू का?" शेजारणीनं विचारलं.

"उद्या मशीनच अर्ज घेणार नाही, मावशी." मग ती मुलगी थांबली आणि पडद्यावर काहीतरी वाचू लागली. "पण वडीलच पाहिजेत असं कुठंय? नव्या अर्जात वडील हा शब्दच नाही. घरातला कर्ता म्हटलंय. जास्त कमाई ज्याची, तो कर्ता. तुमच्या घरात कोण?"

"मी," भावजी म्हणाले. तेवढं मात्र स्पष्ट निघालं.

माझी जीभ नुसती शिवशिवत होती. दोन सालं झाली, पेट्यांतून धड बरणीभर मध निघाला नव्हता. घर चालत होतं ते गायींवर. धारा शेजारीण काढणार, चारा तीच आणणार, डेअरीत दूध तीच घालणार आणि पैसे जमा होणार तिच्याच खात्यात. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण भावजींसमोर तसं म्हणायची रीत नव्हती, आणि सगळ्यांत जास्त ती तिनंच पाळलेली.

"दुधाचं खातं माझ्या नावावर आहे," ती खाली बघत म्हणाली. "पण यांना चालत असेल तरच."

"मग तुम्ही बसा. मात्र काकांना स्वतःच्या तोंडानं मान्य करावं लागेल, मशीन आवाज घेतं." चष्मेवालीनं जरा चाचरतच पुढचं सांगितलं, "आणि त्यांची नोंद अवलंबून अशी जाईल."

"म्हणजे बायकोच्या जिवावर म्हणा की!" रांगेतून एक जण बोललाच. दोघं-तिघं खिदळले. मी वळून असं पाहिलं त्यांच्याकडे, की बस.

भावजींच्या तोंडावरून काही कळायला मार्ग नव्हता. पोरीनं त्यांची बाही धरली. "राहू दे, बाबा. पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी जागा मिळणार नव्हती. ते तिलाही माहीत होतं आणि बापालाही.

भावजी उठले. बायकोला दंडाला धरून त्यांनी स्टुलावर बसवलं. ती बावरली, मान वर करेना. अखेर तिचं तोंड जुळलं. मग चष्मेवालीनं माइक भावजींपुढे सरकवला. "काका, तुम्ही कर्त्यांवर काय आहात, तेवढं बोला."

भावजी वाकले. शब्द निघाला, पण सुजलेल्या ओठांत त्याचा पार चुराडा झाला.

"नाही कळलं त्याला. पुन्हा."

ते पुन्हा बोलले. मशीननं पुन्हा नाकारलं. मघाशी टोमणा मारणारा आता खाली बघत होता. भावजींनी दोन बोटांनी स्वतःचा वरचा ओठ उचलून धरला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि एकेक अक्षर सुटं करून, सगळ्या आवारात ऐकू जाईल असं ते म्हणाले,

"अ... व... लं... बू... न."

मशीननं ते घेतलं.