चंदनाचा वास येणारा अ‍ॅम्प्लिफायर

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि माझ्या तोंडाला चंदनाचा वास येतो. हसू नका. असा वास का येतो ते मी सांगणारच आहे, पण जरा दमानं. म्हाताऱ्यांना आपली गोष्ट पहिल्यापासून सांगायची असते.

माझं काम सोपं आहे. टेप असो, रेडिओ असो, त्यांच्याकडून आवाज येतो तो अगदी बारीक, तापातून उठलेल्या माणसासारखा. मी त्याला बळ देतो आणि पुढं पाठवतो. म्हणून घरची मंडळी मला 'आवाजाचा डबा' म्हणतात. डबा म्हटलेलं मला आवडत नाही, पण ऐकून ऐकून सवय झाली आहे.

माझा जन्म लातूरचा, चन्नबसप्पांच्या छोट्या दुकानातला. मोठ्या कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर घेणं तेव्हा सगळ्यांना जमायचं नाही. मग चन्नबसप्पा सुटे भाग आणून गिऱ्हाइकासाठी स्वतः जोडून द्यायचे. माझा चकचकीत दर्शनी पत्रा मात्र मुंबईहून तयार आला होता. त्यावर बटणांसाठी भोकं पाडलेली होती, आणि खालच्या कोपऱ्यात एक जादा भोक होतं, हेडफोनसाठी. मला विकत घेणारे अण्णाराव चाकूरचे शेतकरी. ते म्हणाले, "हे काय कामाचं? बुजवून टाका की."

"पत्र्याला भोक हाय म्हणल्यावर त्याला काम द्यावं लागतंय," चन्नबसप्पा म्हणाले. "आज ना उद्या कुणीतरी येईल त्याला शोधत." आणि त्यांनी आत पितळी पट्ट्या बसवून, तारा जोडून ते नीट करून दिलं. कुणी येईल म्हणून मीही वाट पाहू लागलो.

पण अण्णारावांच्या घरी कानात घालून ऐकायची पद्धतच नव्हती. तिथं आवाज म्हणजे साऱ्या गल्लीचा. माझे दोन मोठे स्पीकर ओट्यावर मांडलेले असत. क्रिकेटचं समालोचन, महाशिवरात्रीची भजनं, कुणाच्या हळदीची गाणी, सगळं माझ्यातूनच. अण्णाराव बटण पार शेवटपर्यंत फिरवायचे आणि म्हणायचे, "आवाज लोह्यापर्यंत गेला पाहिजे." लोहा हे गाव किती लांब आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण मी जीव तोडून ओरडायचो. लोक म्हणायचे, अण्णारावाचा डबा लई जबर. त्या दिवसांत मी फार खुशीत होतो आणि थोडा चढेलही झालो होतो.

अण्णारावांच्या पत्नी तुळजाबाई. त्यांचा माझ्यावर वेगळाच जीव. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा होते. विळा, कुदळ, मोटारीचा स्टार्टर, शिलाई मशीन, आणि त्या रांगेत मी. तुळजाबाई मला पुसायच्या, हळदकुंकू लावायच्या, डोक्यावर झेंडूचं फूल ठेवायच्या. मग उदबत्ती पेटवून ती खोचायला जागा शोधायच्या, आणि त्यांना हमखास ते कोपऱ्यातलं भोक सापडायचं. उदबत्ती तिथं इतकी झकास उभी राहायची की पुढं पुढं मलाही वाटायला लागलं, चन्नबसप्पांनी ते त्यासाठीच ठेवलं असावं.

पुढं माझे दिवस फिरले. कॅसेट गेल्या, मोबाइल आले. अण्णारावांचा मुलगा शिवशंकर मोठा झाला आणि त्यानं लग्नाच्या वरातींसाठी डीजेचा संच घेतला. त्यातला अ‍ॅम्प्लिफायर माझ्या चौपट. तो सुरू झाला की स्वयंपाकघरातली ताटं नाचायची. माझ्या स्पीकरचे कागद उंदरांनी खाल्ले आणि मला कपाटावर चढवलं. वर्षातून एकदाच मी खाली यायचो, खंडेनवमीला. हळदकुंकू, फूल, उदबत्ती, की पुन्हा वर. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटायचं. पूजा मिळत होती, पण काम मिळत नव्हतं.

आता यंदाच्या श्रावणातलं सांगतो.

चाकूरला बायकांचं एक भजनी मंडळ आहे. त्याच्या म्होरक्या गौरम्मा. त्यांचा आवाज असा की देवळाची घंटा गप्प बसावी. तुळजाबाई त्यांना अक्का म्हणतात आणि कित्येक वर्षं त्यांच्या मागं उभ्या राहून गातात. या मंडळाला नांदेडच्या एका स्टुडिओनं बोलावलं होतं, भजन रेडिओवर लागणार होतं. पण स्टुडिओची खोली लहान, माइक पाच. आणि मंडळात बायका सहा.

गौरम्मा घरी आल्या आणि उभ्या उभ्याच बोलल्या, "तुळजा, राग धरू नको. तुझा आवाज कुठं येतच न्हाई गं. तू ह्या बारीला घरी राहा."

"हाव अक्का," तुळजाबाई म्हणाल्या. "मी तर नुसते ओठच हलवते जणू."

त्या हसून बोलल्या. पण त्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं गुणगुणणं बंद झालं. कपाटावरून मला सगळं ऐकू येतं. भाकरी थापल्याचा आवाज तेवढा यायचा.

त्यांची मुलगी शिल्पा नांदेडला त्याच स्टुडिओत आवाजाचं काम करते. ती सुट्टीला घरी आली होती. तिनं गौरम्मांना सरळ विचारलं, "मावशी, उद्या नावं द्यायच्या आधी एकदा ऐकू द्या. आईला ठेवाच असं मी म्हणणार नाही. पण न ऐकता काढू नका." मग सकाळी देवळात तिनं सहाही जणींचं भजन टेप करून घेतलं. दोन माइक लावले, एक डावीकडे, एक उजवीकडे. तुळजाबाई डाव्या टोकाला उभ्या होत्या. गौरम्मा म्हणाल्या, "बरं, सांजच्याला येते. ऐकू आलं तर आलं."

घरी येऊन शिल्पानं पेटीतून आपला हेडफोन काढला. पगारातून साठवून घेतलेला, काळा, भारदस्त, कानाभोवती मखमलीची गादी. मी वरून पाहिलं आणि मला तो जरा शिष्टच वाटला. शिल्पानं तो मोबाइलला लावला. त्यानं एवढंसं पुटपुटलं. लॅपटॉपला लावला, तरी तेच. लॅपटॉपच्या नुसत्या स्पीकरवर तर सहा जणींची खिचडी झाली.

"एवढा भारी म्हणून राहिलीस, अन् ह्याचा तर आवाजच न्हाई," अण्णाराव म्हणाले. "फसवलं तुला."

"नाही बाबा. आपल्या टेकावरच्या टाकीत पाणी चढवायचं, तर लहान मोटार चालते का?"

"न्हाई चालत. दाब लागतो."

"ह्यालाही तसंच आहे. ह्याला दाब जास्त लागतो. तो मोबाइलकडे नाही."

शिवशंकर लगेच उठला. "दाबच पाहिजे ना? माझा अ‍ॅम्प आणतो. अख्खी वरात नाचवतो तो."

"दादा, त्यानं ह्याचा पडदा फाटेल. तुझी मोटार लावली तर टाकीच फुटायची."

शिवशंकर हिरमुसून बसला, आणि मला, खरं सांगतो, गुदगुल्या झाल्या. कोपऱ्यातला तो दांडगट अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदाच कुणाला नको होता. पण मोबाइल नाजूक, तो दांडगट, मग या पाहुण्याशी जमायचं कुणाचं? आणि संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर तुळजाबाईंचं नाव जाणार होतं.

अण्णाराव वर, कपाटावर माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ह्या डब्यालाबी एक भोक हाय बरं का. चन्नबसप्पा म्हणला होता, कुणीतरी येईल म्हणून."

मित्रांनो, माझ्या पोटातली तार न् तार थरारली.

मला खाली उतरवलं. शिल्पानं धूळ झटकली, तारा तपासल्या. शिवशंकरनं आधी माझ्या वायरीत एक बल्ब मधे जोडून वीज दिली, म्हणजे आत काही बिघडलं असेल तर बल्ब भगभगून सांगतो. बल्ब मंदच राहिला. माझा लाल दिवा लागला. शिल्पा म्हणाली, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरची हेडफोनची जागा असल्या जड हेडफोनला छान जुळते. स्पीकरसाठीचा दाब असतो, आणि तो आवरून धरणारे भाग मधे बसवलेले असतात. चन्नबसप्पांनी बसवलेले होतेच. मी छाती फुगवून बसलो.

लॅपटॉपची तार मागून मला जोडली आणि हेडफोनची पिन कोपऱ्यातल्या भोकात गेली, जरा अडखळतच. शिल्पानं बटण हळूच फिरवलं. मला लोह्यापर्यंत ओरडायची सवय, पण आज कुजबुजायचं होतं. मी कुजबुजलो. आणि तो शिष्ट वाटलेला हेडफोन उजव्या कानात असा काही गायला की शिल्पानं डोळेच मिटले. गौरम्मांचा आवाज, टाळांची किणकिण, ढोलकीवरच्या बोटाचा थपकासुद्धा. पण सगळं उजवीकडेच. डावा कान मुका.

शिल्पा काही बोलायच्या आधीच तुळजाबाईंनी हेडफोन मागून घेतला, कानाला लावला, आणि लक्ष देऊन ऐकलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बरोबर हाय अक्काचं," त्या म्हणाल्या. "मी न्हाईच की तिथं." आणि हेडफोन ठेवून पीठ मळायला निघून गेल्या.

शिल्पानं पुन्हा लॅपटॉपला लावून पाहिलं. तिथं बारीक का होईना, दोन्ही कान बोलत होते. म्हणजे खोट माझ्यात होती. अण्णाराव म्हणाले, "म्हातारं झालं ते. भंगारवाला आला की देऊन टाकू." शिवशंकरनं माझी विजेची पिन उपसली. मला ओरडून सांगायचं होतं, की माझ्या गळ्यात काहीतरी अडकलं आहे. पण मी दुसऱ्यांचा आवाज वाढवू शकतो, माझा स्वतःचा मला नाही.

शिल्पानं मात्र मोबाइलची बॅटरी लावून माझ्या भोकात डोळा घातला. मग नाक लावलं.

"दादा, इथं चंदनाचा वास येतोय."

वीज बंदच होती. तिनं भुवयांचा चिमटा आणला आणि हळूहळू एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. उदबत्तीची काडी. अर्धी काडी. राखेचा गोळा. आणखी एक काडी, जळून काळी झालेली. कागदावर छोटा ढीगच झाला. सगळ्यात आतली पट्टी डाव्या कानाची असते, आणि ती राखेखाली गाडली गेली होती.

"आई, ह्यात तू काय घालायचीस?"

तुळजाबाई पिठाच्या हातानं दारात आल्या. "उदबत्ती. मग कुठं लावू? भोक त्याच्यासाठीच हाय की."

अण्णाराव आधी हसले, मग शिवशंकर, मग शिल्पा कपाळावर हात मारून हसली. तुळजाबाईंना काही कळेना, पण तीन जण हसतात म्हणून त्याही हसायला लागल्या. मला तर इतका मोकळा श्वास कितीतरी वर्षांत आला नव्हता.

शिल्पानं पट्टी पुसून लख्ख केली, पिन घातली. ती खटकन बसली. डावा कान उघडला. शिल्पानं क्षणभर ऐकलं आणि आईचा पदर बाजूला सारून हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

तुळजाबाई उभ्याच होत्या. हात पिठाचे, म्हणून वर धरलेले.

डावीकडे एक आवाज होता. उंच नव्हता, ठसकेबाज नव्हता. खालच्या पट्टीत, सरळ, शेणानं सारवलेल्या जमिनीसारखा. गौरम्मा ओळ उचलायच्या, तो तिच्याखाली चालायचा. आणि गौरम्मा दम घ्यायला थांबल्या की तेवढ्यापुरता तो एकटाच उरायचा आणि ओळ खाली पडू द्यायचा नाही.

"ही कोण गं?" तुळजाबाईंनी विचारलं. कानावर गादी असल्यामुळं त्या मोठ्यानं बोलल्या.

शिल्पानं त्यांच्याकडेच बोट केलं.

"मी हाय?" त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसल्या. पिठाचे हात पदराला लागले, तरी त्यांना भान नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

संध्याकाळी गौरम्मा आल्या. शिल्पानं त्यांना हेडफोन दिला आणि फक्त एवढंच म्हटलं, "तुम्ही दम घेता तिथं लक्ष द्या." गौरम्मा ताठ बसून ऐकू लागल्या. थोड्या वेळानं त्यांची मान खाली झाली. भजन संपलं तरी त्यांनी हेडफोन काढला नाही, पुन्हा लावायला सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी दम घेत होते तवा तूच म्हणून राहिली होतीस," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटायचं, माझाच दम लई लांब हाय."

"अक्का, मला तरी कुठं मालूम होतं?"

"पण मावशी, माइक तर पाचच आहेत," शिवशंकर मधेच बोलला.

"असू देत की," गौरम्मा म्हणाल्या. "माझ्या माइकवर आम्ही दोघी उभ्या राहू. ही नसली तर मी दम कुठं घेऊ?"

दोघी नांदेडला जाऊन एका माइकवर गाऊन आल्या. आणि शिल्पानं आपला हेडफोन सुट्टी संपल्यावरही माझ्याकडेच ठेवला. स्टुडिओत तिला दुसरे आहेत म्हणे. आता तो माझ्या शेजारीच असतो. आमचं छान जमलं आहे. मी ओरडत नाही आणि तो पुटपुटत नाही.

परवा खंडेनवमी झाली. विळा, कुदळ, स्टार्टर, शिलाई मशीन, आणि त्या रांगेत मी. हळदकुंकू झालं, फूल झालं. तुळजाबाईंनी उदबत्ती पेटवली आणि सवयीनं त्यांचा हात माझ्या कोपऱ्याकडे आला. मधेच थांबला. मग त्यांनी एक केळ घेतलं, माझ्यासमोर ठेवलं आणि उदबत्ती त्यात खोचली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कपाटावर बसलेलं असेल. त्याला वर्षातून एकदा फूल वाहा, जरूर वाहा, आम्हाला ते आवडतं. पण त्याला खाली उतरवा, पुसा, त्याच्या अंगावरचं एकेक भोक कशासाठी आहे ते शोधा, आणि त्याला काम द्या. आणि घरात कुणी मागं उभं राहून खालच्या आवाजात गात असेल, तर ऐकू येत नाही म्हणण्याआधी आपल्या कानात काय अडकलं आहे ते बघा.

त्याच खंडेनवमीला दुपारी भजन रेडिओवर लागलं. ओट्यावर गल्ली जमली होती. शिवशंकरनं डीजेचा मोठा स्पीकर लावला होता आणि अण्णाराव म्हणत होते, "लोह्यापर्यंत गेला पाहिजे." तुळजाबाई मात्र आत आल्या, मला जोडलेला रेडिओ लावून माझ्यासमोर पाट मांडून बसल्या, स्वतःच्या हातानं पिन घातली आणि हेडफोन कानाला लावला. गौरम्मांनी ओळ उचलली. तुळजाबाई डोळे मिटून वाट पाहत राहिल्या. मग गौरम्मांनी दम घेतला.

आणि तुळजाबाई हसल्या.