कवडीचं सातवं घर

मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. माझ्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, वीतभर चौकोनी भोक आहे आणि त्याच्याभोवती नखांचे खोल ओरखडे आहेत. एवढ्या चांगल्या लाकडाची ही काय दशा, असं पाहुणे म्हणतात. मित्रांनो, त्या ओरखड्यांची गोष्ट आज तुम्हांला सांगतो. सांगताना जीव जड होतो, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका मागच्या गल्लीत, बुद्धभूषण नावाच्या माणसाच्या दोन खोल्यांच्या घराला मला बसवलं. तो एका कचेरीत शिपाई होता. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी तो मला जवसाचं तेल चोळायचा. गल्लीत बाकी सगळे दरवाजे पत्र्याचे, त्यामुळे माझी मान जरा ताठच असायची.

शहाण्णव साली त्याची सात वर्षांची मुलगी संघप्रिया पिठाच्या गिरणीतून एक मांजराचं पिल्लू फ्रॉकच्या ओच्यात घालून घेऊन आली. पांढरं, पाठीवर तपकिरी ठिपके. तिनं नाव ठेवलं कवडी. झालं, सगळं घर कवडीच्या तंत्रानं चालू लागलं. दुधाचं पातेलं शिंक्यावर गेलं. कोपऱ्यात वाळूचं घमेलं आलं. खिडकीशी ट्रंक सरकवून तिच्यावर वाकळ घातली, म्हणजे बाईसाहेबांना ऊन खाता यावं.

कवडीला नखं घासायला मात्र मीच सापडलो. बुद्धभूषणनं तिला मारलं नाही. त्यानं कॉटच्या पायाला काथ्याची दोरी गुंडाळली आणि तिचे पंजे हातात धरून तिला तिथं घासायला शिकवलं. त्यानंतर दोन वर्षं तिनं मला नख लावलं नाही. इतकी शहाणी होती ती.

पण दिवसातून दहा वेळा तिला आत-बाहेर करायचं असायचं. शेवटी बुद्धभूषणनं करवत आणली आणि मला भोक पाडलं. मला फार लागलं, अपमानही वाटला. समोरच्या बाळाबाई म्हणाल्या, "मांजराला येगळं दार? उद्या घरपट्टीबी तिच्याच नावावर कराल की." सगळी गल्ली हसली. पण कवडीची मऊ पाठ मला घासून जायला लागली आणि माझा राग कधी गेला ते कळलंच नाही. मला वाटे, घराला दरवाजे पुष्कळ असतात, पण एवढा उपयोगाचा मी एकटाच.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात कवडीला तीन पिल्लं झाली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं, असं आपल्याकडे म्हणतात. संघप्रिया बोटांवर घरं मोजायची. मानेला धरून एकेक पिल्लू कवडी गल्लीभर हिंडवत होती. सहावं घर बाळाबाईंची न्हाणी.

त्याच आठवड्यात हातकणंगल्याला संघप्रियाच्या आत्याचं लग्न होतं. सगळे पाच दिवसांसाठी निघाले. मागल्या अंगाला सामान बांधायची गडबड चालली होती, तेवढ्यात कवडी भोकातून आत आली. तोंडात पिल्लू. तीन खेपा केल्या तिनं. तिन्ही पिल्लं माळ्यावरच्या जुन्या वाकळांत ठेवली आणि पोटाला काही शोधायला बाहेर पडली. सातवं घर आमचंच होतं. हे फक्त मी पाहिलं.

भोकातून घुशी शिरतील म्हणून ते बंद करायला बुद्धभूषण फळी आणि हातोडी घेऊन आला. त्यानं विचारलं, "पिल्ली कुठं हायत गं?"

"बाळाबाईंच्या न्हाणीत," संघप्रिया म्हणाली. "सहावं घर. आता एकच ऱ्हायलं."

त्यानं चार खिळे मारले, कुलूप लावलं आणि सगळे एस.टी. गाठायला पळाले. मित्रांनो, मला तोंड असतं तर!

थोड्या वेळात कवडी परत आली. आधी तिनं फळी हुंगली. मग डोक्यानं ढकलून पाहिली. आतून बारीक आवाज आला, तशी ती नखांनी मला ओरबाडू लागली. दिवसभर ओरबाडत राहिली. तिच्या नखांतून रक्त आलं. बाळाबाईंना वाटलं, पिल्लं न्हाणीतून दुसरीकडे कुठं हलवलीत आणि आता ही माणसांसाठी रडतेय. त्यांनी दुधाची वाटी पुढं सरकवली, "येतील गं तुझी माणसं," म्हणून समजूत घातली. किल्ली त्यांच्याकडे नव्हती आणि पिल्लांचा आवाज गल्लीपर्यंत पोहोचत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो मलाही ऐकू येईनासा झाला. कवडी उंबऱ्यावरून हलली नाही.

पाचव्या दिवशी कुलूप निघालं. बुद्धभूषणच्या पायांतून कवडी थेट माळ्यावर गेली. तिनं एक पिल्लू खाली आणलं, संघप्रियाच्या पुढ्यात ठेवलं आणि चाटू लागली. मग दुसरं आणलं. मग तिसरं. एकही हलत नव्हतं.

"पप्पा, मीच सांगिटलं की, न्हाणीत हायत म्हणून," संघप्रिया म्हणाली.

तो खाली बसला. "तू सांगिटलंस. खिळं मी मारलं," एवढंच म्हणाला, आणि तोंडावर टॉवेल धरून रडला.

फळी त्याच दिवशी निघाली. पण कवडी पुन्हा त्या भोकातून आली नाही. पुढं आठ वर्षं जगली, पण कोणी मला सताड उघडेपर्यंत बाहेरच बसून राहायची. पावसात भिजायची, तरी भोकाकडे बघायची नाही. तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच. तिची पाठ मला पुन्हा कधी लागली नाही.

ते घर पडलं तेव्हा संघप्रियानं मला कागलला आपल्या नव्या घरी नेलं. कृष्णात नावाचा सुतार ओरखड्यांवर रंधा मारायला निघाला, तर तिनं त्याचा हात धरला.

मित्रांनो, मुक्या जिवांना घरात जागा देता, फार चांगलं करता. पण कुलूप लावण्याआधी माळ्यावर चढून बघा, कॉटखाली वाकून बघा. एस.टी. चुकली तर दुसरी मिळते. संघप्रियाच्या घरात आज मांजर नाही. तरी बाहेर पडताना ती मला अर्धा ओढते, आत वळून "कवडे" अशी हाक मारते आणि थोडा वेळ कान देऊन उभी राहते. मग कुलूप लावते.